रहस्य एकदाच फुटतं, हसू पुन्हा पुन्हा

वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर या गावांत ज्यांचं लहानपण सिनेमाच्या पेट्यांची वाट पाहण्यात गेलं, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. रहस्यपट इथे पोचायच्या आधी त्याचं रहस्य पोचायचं. सिनेमा आधी मुंबई-पुण्यात लागायचा, मग नागपूर-अमरावतीला, मग अकोल्याला. प्रिंटवर पुरेशा रेघा उमटल्या की ती तालुक्याच्या टॉकीजला किंवा जत्रेतल्या तंबूत यायची. 1 जुलै 1998 पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यातच होतं, त्यामुळे कलेक्टर कचेरीच्या कामाला कुणी ना कुणी अकोल्याला जायचंच. काम उरकून, तिथला सिनेमा पाहून तो परतायचा आणि एसटीतून उतरता उतरता खुनी कोण ते सांगून मोकळा व्हायचा.

तरीही तंबू भरायचा. माणसं यायची, पुढच्या आठवड्यात पुन्हा यायची, आणि तीस वर्षांनी तोच सिनेमा टीव्हीवर लागला की हातातलं काम टाकून बसायची. पण हे भाग्य सगळ्याच रहस्यपटांच्या वाट्याला आलं नाही. ज्यात नुसतंच रहस्य होतं, ते एकदा फुटलं की संपले. ज्यात गुन्हा आणि हसणं एकमेकांत गुंतलेलं होतं, ते टिकले. असं का व्हावं?

सोपं उत्तर असं दिलं जातं की गुन्ह्याचा ताण असह्य होतो, म्हणून मधूनमधून विनोदाचा विसावा लागतो. मला ते पटत नाही. विसावा म्हणून आणलेला विनोद पहिल्यांदाच कंटाळवाणा वाटतो. दुसऱ्यांदा तर प्रेक्षक त्या वेळेत चहा प्यायला उठतो. टिकलेल्या चित्रपटांमध्ये विनोद वेगळंच काम करतो. तो पुरावा लपवतो, संशय भलत्याच माणसाकडे वळवतो आणि कधी कधी गुन्हा उघडकीलाही तोच आणतो. त्यामुळे अशा चित्रपटांची पारख करायला मी एक कसोटी लावतो: विनोद मनातल्या मनात काढून टाकायचा आणि बघायचं की गुन्ह्याची गोष्ट उभी राहते का. उभी राहिली, तर विनोद उपरा होता. कोसळली, तर दोन्हींची वीण खरी होती.

ही वीण आपल्याकडे सिनेमाच्या कितीतरी आधीपासून आहे. शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ गोविंद बल्लाळ देवलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी रंगभूमीवर आणलं. मूळ नाटकातला शर्विलकाच्या घरफोडीचा प्रवेश आजच्या कुठल्याही पटकथाकाराने वही घेऊन अभ्यासावा असा आहे. चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडायचं आहे, तर शर्विलक आधी आकाराचा विचार करतो. कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक असे चौर्यशास्त्रातले आकार आठवून तो पूर्णकुंभाचा आकार निवडतो. मापाची दोरी विसरलेली असते, म्हणून हा ब्राह्मण चोर गळ्यातलं जानवं काढून त्यानं माप घेतो. आत शिरल्यावर लक्षात येतं की घरात कंगालीच आहे. तो परत फिरायच्या बेतात असतो, आणि तेवढ्यात झोपेत बडबडणारा विदूषक मैत्रेय त्यालाच चारुदत्त समजून दागिन्यांचा डबा हातात देतो. विदूषकाची झोप नसती, तर चोरीच झाली नसती.

पुढे खटल्याच्या अंकात तर याहून मोठी गोष्ट घडते. वसंतसेनेच्या खुनाचा खोटा आरोप चारुदत्तावर आहे, न्यायाधीश अजून साशंक आहेत. मैत्रेय रागाच्या भरात आरोप करणाऱ्या शकाराशी झोंबाझोंबी करतो आणि स्वतःच्याच काखेतून वसंतसेनेचे दागिने सर्वांसमक्ष जमिनीवर पडतात. ज्या हाणामारीला प्रेक्षक हसत असतो, तीच निर्दोष माणसाला सुळाकडे नेते. हसू घशात अडकतं. इतक्या शतकांनंतरही या हिशेबात फारशी भर घालता येईल असं मला वाटत नाही.

आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ याच घराण्यातलं. 8 ऑक्टोबर 1962 रोजी दिल्लीत त्याचा पहिला प्रयोग झाला. माधव काझी नावाच्या भामट्यावर चाललेल्या खऱ्या खटल्यावर ते बेतलेलं होतं. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे, आणि त्याचीच रूपं असलेले दिवाकर दातार, कॅप्टन परांजपे, राधेश्याम महाराज वगैरे. प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर एका वेषातून दुसऱ्या वेषात जायचे. गुन्हेगार कोण हे पहिल्या काही मिनिटांतच कळतं, तेव्हा ‘कोणी केलं’ हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न उरतो तो हे सिद्ध होणार का, एवढाच. फसवल्या गेलेल्या बायका साक्षीच्या पिंजऱ्यात रडत असतात आणि लखोबाच्या हजरजबाबीपणावर प्रेक्षागृह हसत असतं. भामटा ज्या गोडव्यानं त्या बायकांना फसवतो, त्याच गोडव्यानं आपल्यालाही फसवतो, आणि हे आपल्याला आपल्याच हसण्यातून कळतं. विनोद काढला तर उरतो फक्त एक कोर्टाचा अहवाल.

पश्चिमेकडच्या अभिजात चित्रपटांचा धावता उल्लेख करायला हवा, कारण आपल्या दिग्दर्शकांनी त्यातलं बरंच पाहिलेलं होतं. 1934 च्या ‘द थिन मॅन’मध्ये निक आणि नोरा हे नवराबायको एकमेकांची थट्टा करत खुनाचा तपास करतात. शेवटी सगळ्या संशयितांना जेवायला बोलावलं जातं, आणि त्या पंगतीत खुद्द निकलाही खुनी कोण हे नक्की माहीत नसतं. फ्रँक काप्राच्या ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’मध्ये दोन प्रेमळ म्हाताऱ्या एकाकी वृद्धांना विषारी मद्य पाजून ‘सुखी’ करतात. 1955 च्या ‘द लेडीकिलर्स’मध्ये संगीतकार म्हणून खोली भाड्याने घेतलेले दरोडेखोर एका साध्याभोळ्या घरमालकिणीपुढे हतबल होतात. या तिन्हींत माणसं आपापल्या परीनं अगदी गंभीर आहेत. कुणीही प्रेक्षकाकडे पाहून डोळा मारत नाही. म्हाताऱ्यांना खरोखरच वाटतं की आपण पुण्य करतो आहोत, आणि त्यांच्या त्या निष्ठेतूनच हसू आणि शहारा एकदम येतात. हा धडा आपल्याकडे सगळ्यांनी घेतला नाही.

मराठी सिनेमात एक चमत्कारिक पोकळी दिसते. राजा परांजपे यांनी 1952 साली ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ असे दोन उत्तम विनोदी चित्रपट दिले. त्यांनीच 1964 मध्ये ‘पाठलाग’ हा रहस्यपट केला, ज्यावरून हिंदीत राज खोसलांचा ‘मेरा साया’ झाला. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांचा ‘पाठलाग’ आजही बघवतो. पण जो माणूस या दोन्ही विद्यांमध्ये पारंगत होता, त्यानं त्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्या. ‘पेडगावचे शहाणे’चा हात आणि ‘पाठलाग’ची नजर एकाच चित्रपटात आली असती तर काय झालं असतं, याची हळहळ मला नेहमी वाटते.

दुसरी पोकळी गुप्तहेराची. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावं वऱ्हाडातल्या वाचनालयांतही घरोघरच्या माणसांसारखी घेतली जायची. सुहास शिरवळकरांच्या रहस्यकथांत तर चुरचुरीत संवाद तयारच होते. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे उभा केला, जो सायकलवर जितका चपळ तितकाच तोंडानंही तिखट. एवढा साठा असून मराठी पडद्यावर वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा येणारा, हसवणारा गुप्तहेर घडलाच नाही. 2017 साली आदित्य सरपोतदारांनी ‘फास्टर फेणे’ केला. त्यात अमेय वाघचा फेणे झकास होता आणि दिलीप प्रभावळकरांना खुद्द भागवतांच्या भूमिकेत आणण्याची कल्पना सुंदर होती. गिरीश कुलकर्णींनी रंगवलेला खलनायक मात्र इतका जड होता की चित्रपटाचा तोल थरारपटाकडे झुकला.

आता ऐंशी-नव्वदच्या दशकाकडे येऊ, कारण आपल्या भागात हा प्रकार रुजला तो तेव्हाच. सचिनच्या ‘गंमत जंमत’मध्ये (1987) पैशाच्या अडचणीतले दोन मित्र श्रीमंताच्या मुलीला पळवतात आणि मग त्या मुलीपुढेच त्यांची दमछाक होते. अशोक सराफ यांनी यात जो घाबरट गुन्हेगार केला आहे, तो मला त्यांच्या सर्वोत्तम कामांपैकी वाटतो. गुन्हा करण्याची लायकी नसलेल्या माणसाने गुन्हा करायला घेतल्यावर जे होतं, ते त्यांच्या खांद्यांच्या हालचालींतही दिसतं. या चित्रपटाला कसोटी लावली तर तो सहज उतरतो. अपहरण काढलं तर विनोद उरत नाही, विनोद काढला तर अपहरण उरत नाही.

महेश कोठारेंच्या चित्रपटांबाबत मात्र एकदम निकाल देता येत नाही. ‘थरथराट’, ‘धडाकेबाज’ यांत खलनायकाची एक खोली आणि लक्ष्मीकांत बेर्डेच्या लक्ष्याची दुसरी खोली असा प्रकार बराच आहे. कवट्या महाकाळाचा मुखवटा लक्षात राहतो, बाटलीतला गंगाराम लक्षात राहतो, पण दोघांमधला धागा सैल आहे. लहान मुलांना त्याचं काही वाटलं नाही, आणि त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही.

‘झपाटलेला’ (1993) मात्र वेगळ्याच पातळीवर गेला. मरता मरता तात्या विंचू या गुन्हेगाराचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो, ही कल्पना अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’वरून घेतलेली आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण कोठारेंनी ती जिथे रोवली ती जमीन पूर्णपणे आपली होती. बोलका बाहुला ही मराठी घरांतली ओळखीची, हसायची वस्तू होती. रामदास पाध्यांचा अर्धवटराव आचरट प्रश्न विचारायचा आणि घर हसायचं. तात्या विंचूचा बाहुला त्याच पाध्यांनी घडवला, आणि लक्ष्मीकांत बेर्डेचा लक्ष्या बाहुल्याला बोलतं करण्याच्या कलेचा वेडा. म्हणजे प्रेक्षकाला ज्या गोष्टीवर हसायची सवय होती, नेमक्या त्याच गोष्टीत खुनी लपवला. गारुड्यानं एका हाताकडे बघायला लावून दुसऱ्या हातात नाणं लपवावं, तसं. चाइल्ड्स प्लेमधला बाहुला दुकानातलं नवंकोरं खेळणं आहे. आपल्याकडच्या बाहुल्याच्या मागे शब्दभ्रमाच्या खेळांची पिढ्यांची आठवण उभी आहे. दिलीप प्रभावळकरांनी तात्याला दिलेला आवाज तर निम्मा चित्रपट आहे. त्या आवाजात धमकी आणि गंमत वेगळी काढताच येत नाही.

आणि यात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे समीक्षकांनी फारसं लक्ष दिलं नाही. लक्ष्या खरं सांगत असतो आणि कुणी विश्वास ठेवत नाही. तो जितका कळवळून सांगतो, तितके बाकीचे हसतात. संशय त्याच्यावरच येतो, कारण तो विदूषक आहे, गरीब आहे. मैत्रेयापासून लक्ष्यापर्यंत ही रेघ सरळ येते: ज्याच्यावर हसता येतं, त्याच्यावर आळ घेणं सोपं. आमच्याकडे शेतातून मोटरपंप चोरीला गेला की आधी कुणाच्या झोपडीकडे माणसं वळतात, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना लक्ष्याच्या त्या तडफडीत नुसता विनोद दिसत नाही. तंबूतल्या पुढच्या रांगा या चित्रपटावर का जीव टाकत होत्या, त्याचं निम्मं उत्तर मला इथे सापडतं.

याच्या दहा वर्षं आधीच्या, हिंदीतल्या ‘जाने भी दो यारों’चा (1983) उल्लेख टाळता येत नाही. कुंदन शाहच्या या चित्रपटात कमिशनर डिमेलोचं प्रेत महाभारताच्या नाटकात द्रौपदी होऊन उभं राहतं, आणि सगळा भ्रष्ट कारभार त्या वस्त्राभोवती ओढाताण करतो. प्रेत झालेले सतीश शाह त्या प्रवेशात जे करतात, म्हणजे काहीच करत नाहीत, ते फार अवघड आहे. मराठी प्रेक्षकाला त्यातली संपादिका शोभा सेन खास जवळची, कारण ती भक्ती बर्वेंनी केली आहे. ‘ती फुलराणी’त प्रेक्षकांना हसवता हसवता जिंकणारी ही अभिनेत्री इथे सत्याची कैवारी म्हणून येते आणि आतून सौदेबाज निघते. तिच्या चेहऱ्यावरचा विश्वासू भाव हाच या रहस्याचा पडदा. शेवटी निर्दोषांनाच शिक्षा होते. हसवून हसवून इतका कडू घास भरवणारा दुसरा हिंदी चित्रपट मला आठवत नाही.

मराठीत विनोदी रहस्यपटाचा सर्वात धाडसी प्रयोग मला विचाराल तर ‘बिनधास्त’ (1999). चंद्रकांत कुलकर्णींचा हा चित्रपट आज जितका आठवला जायला हवा तितका आठवला जात नाही. पडद्यावर जवळपास सगळ्या स्त्रियाच. शर्वरी जमेनीस आणि गौतमी गाडगीळ या दोन जिवलग मैत्रिणी, कॉलेजातला दंगा, गंमत म्हणून मारलेली थाप, आणि त्या थापेनं खुनाचं रूप घेणं. पूर्वार्धातली प्रत्येक खोडी उत्तरार्धात पुरावा बनून परत येते. ज्या प्रसंगाला आपण निर्धास्त हसलो, तोच पोलिसांच्या टेबलावर आलेला पाहून पोटात गोळा येतो. दुसऱ्यांदा पाहताना तर पूर्वार्धातलं हसूच बदलतं, कारण आता कोणती खोडी कुठे नेणार हे आपल्याला माहीत असतं. प्रियदर्शननी 2000 मध्ये तमिळमध्ये ‘स्नेगितिये’ नावाने याची नवी आवृत्ती केली. मराठी रहस्यपट दक्षिणेला जाण्याची ही वाट तिथे रुंद व्हायला हवी होती, ती झाली नाही.

त्यानंतरची काही वर्षं भराभर सांगता येतात. ‘नवरा माझा नवसाचा’मध्ये (2004) गणपतीपुळ्याला निघालेल्या एसटीत हिऱ्यांच्या चोरीचा धागा आहे, पण लोकांनी जीव लावला तो अशोक सराफांच्या कंडक्टरला आणि प्रवासातल्या माणसांना. हिरे नसते तरी ती बस चाललीच असती. सतीश राजवाडेंच्या ‘एक डाव धोबीपछाड’मध्ये (2009) सभ्य व्हायला निघालेला गुंड हा अशोक सराफांच्या हातचा हुकमी मासला, घराच्या चार भिंतींतला गोंधळ अचूक वेळेत साधलेला. ‘चोरीचा मामला’ (2020) हा चोरच अडचणीत सापडण्याचा खेळ. तिन्ही पाहायला मजा येते.

मग परेश मोकाशींचा ‘वाळवी’ (2023). आत्महत्येचा देखावा रचून बायकोला संपवायचा बेत, ठरल्यापैकी काहीही न होणं, आणि शेवटी गळ्यात पडलेलं प्रेत. स्वप्नील जोशी, अनिता दाते, शिवानी सुर्वे, सुबोध भावे यांपैकी कुणीही विनोद ‘करत’ नाही. माणूस खून करायला निघाल्यावरही किती क्षुल्लक गोष्टींवरून एकमेकांवर खेकसतो, ते फक्त दाखवलं जातं. नावातली वाळवी शेवटी काय करते ते मी इथे लिहिणार नाही. मोकाशी आणि मधुगंधा कुलकर्णी यांच्या पटकथेतली सर्वांत पक्की गाठ तीच आहे. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की गोष्टीचा शेवट मोबाइलवर क्षणात फुटण्याच्या काळातही लोक तो पुन्हा पाहतात. पूर्वी अकोल्याहून येणारा माणूस जे करायचा, ते आता फोन करतो, आणि टिकणारा चित्रपट दोघांनाही पुरून उरतो.

या सगळ्या आढाव्यात एक रिकामी जागा मला सतत बोचते. विनोदी गुन्हेपट बहुतेक मुंबई-पुण्यातले, क्वचित कोकणातले. वऱ्हाडी बोली पडद्यावर येते ती हवालदाराच्या, नोकराच्या नाहीतर येडपट पाहुण्याच्या तोंडी, दोन वाक्यांपुरती. ‘मले’, ‘तुले’ म्हटलं की हसू येणार, असं गृहीत धरलेलं. ही बोली एवढीशी नाही. उद्धव शेळक्यांनी 1960 साली ‘धग’मध्ये तिच्यातून कौतिकचं अख्खं दुःख पेललं. अमरावतीच्या भारत गणेशपुरेंनी टीव्हीवर दाखवून दिलं की तिचा संथ, चेहरा न हलवता मारलेला टोला सगळ्या महाराष्ट्राला कळतो. रहस्यपटाला नेमका हाच सूर लागतो. उलटतपासणीसाठी तर वऱ्हाडी जणू घडवलेलीच आहे: प्रश्न विचारतोय असं न वाटू देता, पीकपाण्याच्या आणि सोयरिकीच्या गप्पांत समोरच्याचं पोट रिकामं करून घेणारी माणसं इथल्या प्रत्येक पारावर सापडतात.

माल तर विचारूच नका. सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीत वजनकाट्यावर चालणारे वाद, रात्रीची वीज आली म्हणून अंधारात पाणी द्यायला निघालेली माणसं, पूर्वी कारंज्याहून जाणारी शकुंतला रेल्वे आणि तिचे ओसाड रूळ, पोहरादेवीच्या यात्रेतली गर्दी, ज्यात माणूस हरवणंही सोपं आणि लपणंही. यातल्या प्रत्येकात एक गुन्हा आणि एक फार्स शेजारी शेजारी बसलेले आहेत. असा चित्रपट कुणी करायला घेतला, तर त्याला माझी एकच विनंती आहे. वऱ्हाडी हवालदाराला देऊन शुद्ध मराठी इन्स्पेक्टरला देऊ नका. गुन्हा शोधणाराच वऱ्हाडी बोलू द्या, आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसांना त्याच्यावर पहिला अर्धा तास मनसोक्त हसू द्या. त्यांच्या त्या हसण्यातच त्याला पहिला धागा सापडेल.